बोलीस हसावे काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही भावंडे पुण्यास आत्याकडे गेलो होतो. पानावर बसलो असता आतेभावाने अंगणातून खेळावयास हाक मारली. आम्ही उत्तर दिले, "थांब, आम्ही जेवून राहिलो आहोत." घरातील सर्व मंडळी हसली. "जेवून कोठे राहिलात?" असा प्रश्नही आला. आमच्या इंदूरच्या मराठीत त्याचा अर्थ 'जेवत आहोत' एवढाच. हिंदीच्या शेजाराने ही वळणे आमच्या तोंडी बसली आहेत. थट्टा निर्मळ होती. परंतु धाकटी बहीण त्या दिवसापासून तेथे मोजकेच बोलू लागली.

पुढे आयर्लंडविषयी वाचताना आम्हांस सोबती भेटले. तेथील मनुष्य 'आय अ‍ॅम आफ्टर ईटिंग' असे म्हणतो. लंडनकरास वाटावे की हा अन्नाच्या मागे लागला आहे! पण त्यास सांगावयाचे असते की, 'मी नुकताच जेवलो.' हे वळण त्याच्या पूर्वजांच्या आयरिश भाषेतून इंग्रजीत उतरले आहे. 'फिल्म'चा उच्चार तेथे पुष्कळजण 'फिलम' असा करतात, कारण आयरिशमध्ये अशा जोड व्यंजनांच्या मध्ये स्वर येतो. अनेकांच्या तोंडी 'थ्री' हा आकडा झाडवाचक 'ट्री'सारखा ऐकू येतो.

देश लहान, तरी गावोगावची तऱ्हा निराळी. कॉर्कचा मनुष्य बोलता बोलता जणू गातो आणि 'बॉय'चे 'बाय' करतो. उत्तरेकडे लहान वस्तू 'वी' होते व होकार 'आय' असा येतो. कपाटास 'प्रेस' म्हणतात, नाव न आठवणाऱ्या वस्तूस 'योक', आणि गप्पागोष्टींच्या मौजेस 'क्रॅक'. डब्लिनकर खेडुतास 'कल्ची' म्हणून चिडवतो. खेडूत त्यास 'जॅकीन' म्हणून परतफेड करतो. हसणारे सर्वत्रच आहेत.

मात्र ह्या बोलीमागे मोठे दुःख आहे. १८३१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शाळांत शिक्षण इंग्रजीतून मिळे. कित्येक ठिकाणी मुलाच्या गळ्यात काठी अडकवीत. तो आयरिश बोलला की तीवर खाच पडे व खाचांप्रमाणे शिक्षा होई. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच देशोधडीला लागली. आयरिश बोलणाऱ्या गरिबांवर हा घाव अधिक बसला. लोकांनी इंग्रजी पत्करली. परंतु जुन्या भाषेचे सूर व वळणे त्यांनी नकळत जपली. ज्यास परके अशुद्ध म्हणत, ती त्यांची उरलेली ठेव होती.

ह्या ठेवीचे मोल जॉन सिंग या नाटककाराने ओळखले. १८९८ पासून तो अ‍ॅरन बेटांवर जाऊन कोळी व शेतकरी यांचे बोलणे ऐकत असे. त्याच बोलीच्या घडणीचे त्याचे 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' हे नाटक १९०७ साली डब्लिनमध्ये झाले, तेव्हा प्रेक्षागृहात दंगा उसळला. आज ते जगन्मान्य आहे.

कोणी म्हणेल, मग प्रमाण भाषा शिकूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. निबंध, अर्ज, सभेतील भाषण यांस सर्वांस कळेल अशी भाषा हवीच. ती आम्ही मन लावून शिकू. परंतु सणाचे वस्त्र अंगावर चढविले म्हणून घरचे वस्त्र कोणी फेकून देत नाही. नवीन शब्द कानी पडला तर हसण्याऐवजी 'हा कोठून आला?' असे विचारावे. त्यात इतिहास सापडतो.

होळकरशाहीपासून माळव्यात राहिलेल्या आमच्या घरांनी मराठी टिकविली, ती बोलूनच. आमच्या धाकट्या बहिणीसारखी मुले लाजून गप्प बसली, तर शुद्ध मराठी वाढणार नाही. मराठीच उणी होईल. भाषेस चुकीच्या शब्दाहून मौनाचे भय अधिक असते, हे आयर्लंडने पुरते भोगले आहे. आपण ते न भोगताच शिकावे.