माहिती यंत्राजवळच हवी

वॉर्डात इन्फ्युजन पंप असतो आणि त्याची माहितीपुस्तिका कपाटात. कपाटाची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असेलच असे नाही. मध्यरात्री पंपाचा अलार्म वाजला की कोणीतरी मोबाइलवर शोधाशोध करते. सापडलेली माहिती दुसऱ्याच मॉडेलची असली, तर औषधाचा वेग चुकू शकतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

संगणकतज्ज्ञांनी अशा अडचणीवर फार पूर्वीच उपाय काढला. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही प्रणाली घडवली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. पुढे ही पाने संगणकातच वाचता येऊ लागली. आजही लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये ‘मॅन’ आणि पुढे आज्ञेचे नाव टाइप केले की तिचे माहितीपान उघडते. इंटरनेट लागत नाही. शिवाय हे पान सहसा त्याच संगणकावर बसवलेल्या आवृत्तीचे असते. ‘आरएम’ या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, कायमची हातची जाते. म्हणून आधी ‘मॅन आरएम’ असे विचारून घेणे शहाणपणाचे.

या पानांची मांडणी ठरलेली असते: नाव, वापरण्याची रीत, वर्णन, संबंधित पाने. पहिल्या पुस्तिकेत ‘दोष’ असाही एक रकाना होता. आपल्या कामातील उणिवा निर्मात्यांनीच त्यात नोंदवल्या होत्या. प्रोग्रॅमची जबाबदारी कोणाची, हेही तिथेच लिहिलेले असे.

ही पाने रुक्ष असतात, नवख्याला पहिल्या वाचनात कळत नाहीत, हे खरे. पण ती जागेवर असतात आणि काही लपवत नाहीत. औषधाच्या खोक्यातील कागदावरही दुष्परिणाम छापलेले असतात. मात्र बारीक इंग्रजी अक्षरांतला तो कागद घरोघरी न वाचताच केरात जातो.

रुग्णालयांना यासाठी मोठा खर्च नको. प्रत्येक यंत्राला त्याच मॉडेलचे एक पानी मराठी माहितीपत्रक अडकवावे. त्यावर वापरण्याची रीत, नेहमीचे बिघाड आणि कोणाला बोलवायचे, एवढे असले तरी पुरे. किल्ली शोधण्यात गेलेली मिनिटे रुग्णाच्या वाट्याची असतात.