वऱ्हाडचे ताट ‘झणझणीत’ या एका शब्दात मावत नाही

१/
समाजमाध्यमांवर दर काही दिवसांनी भारताचा एक नकाशा फिरतो. प्रत्येक राज्याच्या जागी एकेका पदार्थाचे चित्र असते. महाराष्ट्राच्या वाट्याला वडापाव किंवा पुरणपोळी येते. विदर्भाची फारच आठवण झाली, तर ‘झणझणीत सावजी’. खाली अभिमानाची ओळ असते : ‘पाच हजार वर्षांची अखंड खाद्यपरंपरा.’ आजचा धागा त्या नकाशाशी आणि त्या ओळीशी वाद घालण्यासाठी आहे. उदाहरण वऱ्हाडचे, आणि वऱ्हाडातही हिवरखेडच्या परिसराचे.

२/
हिवरखेड नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. एक अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुसरे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात. तेल्हाऱ्याच्या हिवरखेडहून उत्तरेला डोंगर चढला की मेळघाट लागतो. तिथे कोरकूंची कोदो-कुटकी आणि मोहफुले आहेत. दक्षिणेला उतरले की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथले भूजल खारट, म्हणून शेती पावसाच्या भरवशाची : ज्वारी, कापूस, तूर, हरभरा. एका तालुक्याच्या आसपास धान्य बदलते, पाणी बदलते, आणि त्यांच्यामागोमाग चूलही बदलते. राज्याला एक पदार्थ वाटणाऱ्या नकाशात हे दिसणार तरी कुठे?

३/
पहिला भ्रम : ‘वऱ्हाडी म्हणजे सावजी.’ सावजी ही नागपूरची, तिथल्या हलबा कोष्टी विणकर समाजाच्या स्वयंपाकघरातून आलेली पाकपरंपरा आहे. तिचे मोठेपण निर्विवाद आहे; परंतु नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. नरनाळा-गाविलगडचा टापू तेवढा काही काळ त्यांच्याकडे राहिला, पुढे तोही गेला. वऱ्हाड निजामाकडून १८५३ च्या कराराने इंग्रजांच्या कारभाराखाली आले. नागपूर १८५४ मध्ये खालसा झाले. दोन प्रदेश, दोन इतिहास. दोन्हींवर एकच तर्री ओतणे हा नागपूरवरही अन्याय आहे आणि वऱ्हाडवरही.

४/
दुसरा भ्रम : तिखटपणा हाच या मातीचा सनातन धर्म. मिरची मुळात अमेरिका खंडातली. ती भारतात सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांच्या व्यापारातून आली. त्याआधी तिखटाचे काम मिरे, पिंपळी, आले ही मंडळी करीत. आपल्या भाषेनेच याची साक्ष जपली आहे : नव्या फळाला आपण ‘मिरची’ म्हटले ते जुन्या ‘मिरी’वरून. म्हणजे ज्या गुणाला आपण पाच हजार वर्षांची ओळख म्हणतो, त्याचे वय फार तर पाचशे वर्षे. नकाशाखालच्या ओळीत एक शून्य जास्त पडले आहे.

५/
हीच कथा पुढे चालवता येते. बटाटा, भुईमूग, टोमॅटो, मका आणि ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेकडचे. उपासाच्या दिवशी ज्याला आपण परम पवित्र मानतो, त्या साबुदाण्याच्या खिचडीत दाणे, मिरची आणि साबुदाणा हे तिन्ही पाहुणे आहेत. वऱ्हाडचा आजचा सर्वांत प्रसिद्ध नाश्ता म्हणजे शेगावची कचोरी. ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाने शेगावच्या रेल्वे स्थानकावर नावारूपाला आणली. फार काय, खुद्द ज्वारीदेखील आफ्रिकेची. ती हजारो वर्षांपूर्वी आली आणि इथली झाली.

६/
‘म्हणजे आपले असे काहीच नाही’, असा निष्कर्ष कुणी काढील, तर तोही तितकाच चुकीचा आहे. तूर, मूग, उडीद, कुळीथ, तीळ ही याच उपखंडात माणसाने शेतीत आणलेली पिके आहेत. आणि पाहुणे आले म्हणून घर परके होत नाही. परंपरा म्हणजे शुद्ध रक्ताचा दाखला नव्हे. आलेल्या धान्याला, फळाला, माणसाला इथल्या पाण्यात, इथल्या चुलीवर, इथल्या हातांनी काय रूप दिले, त्याचे नाव परंपरा. तिचे मोजमाप वयावर करू नये, कौशल्यावर करावे.

७/
त्या कसोटीवर वऱ्हाडची ज्वारी पाहा. कोवळे कणीस गोवरीच्या विस्तवावर भाजले की हुरडा. आणि त्यासाठी वाणीची ज्वारी वेगळी. फोडून भरडली की कण्या. पीठ ताकात आंबवले की आंबील. उडदासोबत दळले की कळण्याची भाकर. नागपंचमीला लाह्या, त्यांच्यासाठीही दाणा निराळा निवडायचा. घुगऱ्या, धिरडी, पापड, खारोड्या ही आणखी रूपे. आणि रोजची भाकर : तिचे पीठ ताजेच हवे, कारण शिळ्या पिठाची विरी जाते आणि भाकर थापताना चिरा पडतात. एका धान्यात इतके ज्ञान साठवलेले आहे. कोणता दाणा कशासाठी, कोणते पीठ किती दिवसांचे, कोणता विस्तव किती आचेचा, हे ठाऊक असणे हीच खरी विविधता. पदार्थांच्या नावांची जंत्री म्हणजे तिची केवळ सावली.

८/
ज्वारीपलीकडेही हे ताट मोठे आहे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी व वरण. पळसाच्या पानांत थापून भाजलेले पानगे. काडीवर वळून वाळवलेले सरगुंडे, जे आंब्याच्या रसासोबत पाहुण्यांपुढे येतात. पाटवडीचा रस्सा, आंबाडीची भाजी, जवसाची आणि तिळाची चटणी. चिंच-गुळाची चिंचवणी, कैरीचे पन्हे. हिवरखेडवरून धूळघाटमार्गे खंडव्याकडे जाणारी मीटरगेज आगगाडी ज्यांना आठवते, त्यांना एक गोष्ट सहज पटेल : वऱ्हाडचा रोडगा आणि निमाड-माळव्याची बाटी हे एकमेकांचे भाऊबंद आहेत. डोंगराच्या दोन्ही बाजूंना माणसे तशीच भुकेली होती आणि गोवऱ्या तशाच पेटत होत्या.

९/
जुनी साधने काय सांगतात? कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, मांडे आणि घाऱ्यांची पूर्वरूपे नोंदलेली आहेत. पण ते राजाचे ताट. सामान्यांच्या ताटाकडे जायचे, तर मोर्शी तालुक्यातल्याच रिद्धपूरला जावे लागते. महानुभावांच्या तेराव्या शतकातील गद्यचरित्रांत जेवणाचे प्रसंग पुन्हा पुन्हा येतात. गोविंदप्रभू जातीची मर्यादा न मानता घराघरांत शिरतात, मागून खातात. मराठी गद्याच्या आरंभीच अन्नाचा हा विषय, राजवाड्यातून नव्हे तर गल्लीतून, वऱ्हाडच्या मातीत उभा आहे. दुर्दैवाने खाद्यपरंपरेचा गौरव करणाऱ्यांना राजवाडाच अधिक मोहवतो.

१०/
छापखाना आल्यावर ही निवड पक्की झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ विसाव्या शतकाच्या आरंभीचे, कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० ची. ही मोलाची पुस्तके आहेत. परंतु त्यांचा वाचक मुख्यतः शहरी, शिकलेला, सुस्थित होता. जे छापले गेले ते ‘महाराष्ट्रीय’ ठरले. जे हातातून हातात गेले ते ‘गावठी’ ठरले. दलित स्वयंपाकघरांची नोंद तर शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’पर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, मोठ्या प्रमाणात कागदाबाहेरच राहिली. तेही पुस्तक मराठवाड्याचे. वऱ्हाडच्या त्या चुलींचे तसे पुस्तक अजून व्हायचे आहे.

११/
आता मुख्य मुद्दा. पदार्थ विस्मरणाने नाहीसे होत नाहीत. पीक गेले की पदार्थ जातो. वऱ्हाडात हे कसे घडले? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर खिळली. त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. खामगावच्या कापूसबाजारासाठी १८७० मध्ये स्वतंत्र फाटा झाला. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण आपण अभिमानाने उच्चारतो. कुऱ्हाड सोन्याची असली तरी तिचे काम तोडणे हेच असते.

१२/
आगगाडीने कापूस बाहेर नेला, आणि जमिनीचा मोठा वाटा बाजारासाठी पिकू लागला. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती घटली. देशातल्या अत्यंत संपन्न कापूस-प्रदेशांपैकी एकात हे घडले. ज्याच्या गाठीला रोकड होती पण कणगीत दाणा नव्हता, आणि ज्याच्याकडे दोन्ही नव्हते, त्यांचा इतिहास ‘खाद्यपरंपरे’च्या गोड चित्रांत कधी येत नाही.

१३/
स्वातंत्र्यानंतर दुसरा फेरा आला. ‘सीएसएच-१’ हे ज्वारीचे संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. उत्पन्न वाढले, हे खरे. ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. पण बुटक्या ताटाचा कडबा कमी, आणि कणसे भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडे. वाणी, लाह्यांची ज्वारी असे खास वापराचे दाणे मागे पडले. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी परदेशी लाल मिलोची भाकर आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन दिवस काढले. त्या मिलोची आठवण मागच्या पिढीच्या जिभेवर अजून आहे.

१४/
मग सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस आला, आणि ज्वारी कडेला सरकली. इथे एक साधे यंत्र काम करते. गावात सगळे ज्वारी पेरत, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जाई. आता दोघेच पेरतात, तर शिवारातली सगळी पाखरे त्या दोघांच्याच शेतात उतरतात. रानडुकरे आणि रोही वेगळेच. राखण परवडत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तेही सोडतात. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा गेला की बैल गेला. बैल गेला की शेण गेले. शेण गेले की गोवरी गेली, आणि गोवरी गेली की रोडगा गेला. गव्हाचा रोडगा ज्वारीच्या ओढीने बुडतो, हे कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात सापडणार नाही.

१५/
यावर एक आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. ‘ज्वारी ही गरिबीची खूण होती. मजुराला भाकर आणि मालकाला पोळी. बायका पहाटे उठून जाते ओढीत. लोकांनी गहू-तांदूळ आनंदाने स्वीकारले. तुम्ही कोण त्यांना मागे ओढणारे?’ आक्षेपातली प्रत्येक वस्तुस्थिती खरी आहे. जात्याकडे परत जा, असे कुणा बाईला सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. आणि गरिबाने भाकरच खावी, ही श्रीमंताची हौस झाली.

१६/
पण निवड म्हणायची तर दोन्ही वस्तू समोर असाव्या लागतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असे तिन्ही दर होते. प्रत्यक्षात वऱ्हाडच्या रास्त भाव दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळच आले. एक धान्य दारात आणि दुसरे शेतातूनही हद्दपार, अशा अवस्थेतल्या निर्णयाला ‘लोकांची आवड’ म्हणणे ही फसवणूक आहे. शिवाय मान-अपमान धान्यात नसतो. शेगावी गजानन महाराजांच्या नैवेद्यात पिठले, भाकर आणि आंबाडीची भाजी मानाने येते. देवाच्या पानात जी चालते, ती पाहुण्याच्या पानात लाजिरवाणी कशी?

१७/
आणि २०२३ चे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष? त्याने ज्वारीला ‘श्रीअन्न’ हे नाव दिले आणि शहरातल्या दुकानांत ज्वारीची बिस्किटे आणली. नाव बदलल्याने पेरा वाढत नाही. खेडे ज्वारी सोडते आणि शहर तीच चकचकीत पुडीत चौपट मोलाने घेते, याला पुनरुज्जीवन म्हणता येत नाही. अकोल्या-अमरावतीची ज्वारी हमीभावाने विकत घेऊन ती त्याच जिल्ह्यांच्या रास्त भाव दुकानांत आणि शाळांच्या पोषण आहारात द्यावी. मागणी इतकी साधी आहे. हे झाले तर दोघांच्या जागी वीस जण पेरतील, आणि पाखरांचा वाटा पुन्हा विभागला जाईल.

१८/
इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना एक विनंती. तह आणि लढायांच्या तारखा तुम्हाला मुखोद्गत आहेत, आनंद आहे. आता आपल्या गावच्या ज्वारीच्या जुन्या वाणांची नावे, त्यांचा उपयोग, पेरणीचा काळ आणि कोणत्या सणाला त्यातून काय होत असे, हे घरातल्या व शेजारच्या वृद्धांना विचारून लिहून काढा. नाव सांगणाऱ्याची जात-वस्ती कोणतीही असो. सर्वांत कमी लिहिल्या गेलेल्या चुलीपासून आरंभ करा. मोडी कागद सापडला नाही तरी चालेल. जिला हा दाणा ओळखता येतो ती आजी हेच दफ्तर आहे, आणि ते फार दिवस उघडे राहणार नाही. पुढच्या वेळी तो नकाशा तुमच्यापर्यंत आला, तर पुढे पाठवण्याआधी त्याखाली आपल्या गावचे एक धान्य लिहा.