घरांतील घड्याळाचीं अवजारें

शिवणाची पेटी नाहीं असें घर आमच्या पाहण्यांत नाहीं. परंतु मनगटी घड्याळाचा पट्टा आंखूड करावयाचा झाला कीं त्याच घरांत भाजीची सुरी, साडीची पिन आणि वरवंटा यांची योजना होते! ओरखडे घड्याळास आणि जखम अंगठ्यास. वडिलांच्या घड्याळावर हा प्रयोग होणें तर विशेष शोचनीय. एच. एम. टी.नें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें १९६१ सालीं बंगलोर येथें घड्याळांचा कारखाना काढिला आणि पुढें 'जनता', 'पायलट', 'कोहिनूर' हीं नांवें घरोघरीं पोंचलीं. एच. एम. टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला. जुन्या घड्याळाचा एखादा भाग मोडला तर आतां बहुधा दुसऱ्या मोडक्या घड्याळांतूनच तो काढावा लागतो.

यास्तव अवजारांपूर्वीं मर्यादा ठरवावी. पट्टा, त्याच्या पिना, बाहेरील स्वच्छता आणि फार तर सेल, एवढेंच घरचें काम. चावीच्या घड्याळाचें झाकण घरीं उघडूंच नये. आंतील तेल कालांतरानें वाळतें. तें बदलण्यास सर्व यंत्र सोडवून धुवावें लागतें. वरून खोबरेलाचा थेंब सोडणारे महाभागही आहेत! त्यांनीं सीताबर्डीवरील एखाद्या जाणत्या घड्याळजीकडे जावें, हें बरें.

बाजारांत वीस-पंचवीस नगांची पेटी स्वस्त मिळते. ती आम्हांस पसंत नाहीं. तींतील पोलाद बहुधा मऊ असतें. पेचकसाचें पातें लवकरच वळतें आणि स्क्रूची खांचही बिघडवितें. त्यापेक्षां मोजक्या वस्तू निवडून घ्याव्या. स्प्रिंगदार पिन दाबण्याचें, एका टोंकास बेचक्यासारखें असलेलें अवजार. बारीक सुंबा, पितळी डोक्याची हातोडी व पट्टा उभा धरणारा ठोकळा. १ आणि १.४ मिलिमीटर पात्याचे दोन चांगले पेचकस. एक चिमटा आणि डोळ्यास लावावयाचें भिंग. मलमलीचा तुकडा व मऊ ब्रश घरांत असतोच.

धातूचा पट्टा कमी करण्यापूर्वीं बकलाच्या कडेचीं छिद्रें पाहावीं; पुष्कळदां पिन एक छिद्र सरकविल्यानेंच काम भागतें. कड्या काढावयाच्याच झाल्या तर दोन्ही बाजूंनीं शक्य तों सारख्या काढाव्या, म्हणजे बकल मनगटाच्या मध्यावर राहतें. कड्यांच्या आंतल्या अंगास बारीक बाण कोरलेला असतो. त्या दिशेनें पिन बाहेर काढावी व बसवितांना उलट दिशेनें घालावी. खालीं पांढरें कापड पसरलेलें असावें. कारण कांहीं पट्ट्यांत पिनेभोवतीं तिळाएवढी नळी असते. ती हरवली तर पिन टिकत नाहीं आणि घड्याळ एके दिवशीं भर रस्त्यांत पडतें. आणखी एक गोष्ट नागपूरकरांनीं विसरूं नये : पौषांतील सकाळीं बेतलेला पट्टा वैशाखाच्या दुपारीं मनगटांत रुततो. करंगळी शिरेल एवढी जागा ठेवावी.

सेल बदलावयाचा असल्यास जुन्यावरील अंक वाचावा. ३७७ आणि एस. आर. ६२६ एस. डब्ल्यू. हीं एकाच सेलाचीं नांवें, व्यास ६.८ व जाडी २.६ मिलिमीटर. तो धातूच्या चिमट्यानें धरूं नये, दोन्ही ध्रुव जोडले जातात. प्लास्टिकचा चिमटा वापरावा. संपलेला सेल घड्याळांत राहूं देऊं नये, तो पाझरतो. झाकण उघडल्यावर तें घड्याळ पाण्यांत पूर्वींसारखें टिकेल असें समजूं नये.

एकत्र कुटुंबांत रांगतें मूल असतेंच, म्हणून हें स्पष्ट लिहितों. काढलेला सेल चिकटपट्टींत गुंडाळून उंचावर ठेवावा. बटणासारखा सेल मुलानें गिळला, विशेषतः लिथियमचा मोठा, आणि तो अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांतही आंतून गंभीर भाजतें. उलटी करविण्याच्या भरीस न पडतां, सेलाचें वेष्टन हातीं घेऊन, मुलास तत्काळ एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें.