अ जीवनसत्त्व वर्ज्य करावे काय?

अ जीवनसत्त्व आहारातून जवळजवळ काढून टाकले तर त्वचेचे, सांध्यांचे आणि पोटाचे जुनाट विकार बरे होतात, असे मानणारा एक पंथ गेल्या काही वर्षांत उत्तर अमेरिकेत उभा राहिला असून त्याचे अनुयायी आता इतरत्रही आढळतात. त्यांचा दावा एखाद्या पथ्यापुरता नाही. हे द्रव्य जीवनसत्त्वच नव्हे, ते यकृतात साचत जाणारे मंद विष आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. म्हणून गाजर, हिरव्या पालेभाज्या, आंबा, लाल भोपळा, दूध, लोणी, तूप, अंड्याचा बलक आणि काळीज ही सारी त्यांना वर्ज्य, तर पांढरा भात, कडधान्ये, चरबी नसलेले मांस आणि फिकट रंगाच्या भाज्या ग्राह्य. भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या मावळच्या भातपट्ट्यातील गावातून या यादीकडे पाहिले, तर तीत नवे असे काही दिसत नाही. सडलेल्या, म्हणजे कोंडा काढलेल्या तांदळात अ जीवनसत्त्व नसते, आणि दुभते नसलेल्या घरी पावसाळ्याच्या ओढगस्तीत भात, पातळ वरण आणि मीठ एवढ्यावरच दिवस निघत, तेव्हा तो आहार याच पथ्याचा होता. फरक इतकाच की तो कोणी निवडलेला नव्हता.

तरीही पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय त्याचे खंडन करणे योग्य नव्हे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. अ जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळते, त्यामुळे जास्तीचे लघवीवाटे सहज निघून जात नाही आणि यकृतात साठते. प्राणिज पदार्थांत ते रेटिनॉल या तयार रूपात असते, आणि हे रूप दीर्घकाळ फार मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर यकृताला इजा होते, हाडे दुखतात, केस गळतात, त्वचा सोलवटते. गर्भारपणाच्या सुरुवातीला त्याचा अतिरेक झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे त्याच कुळातील औषध गर्भवतीला देत नाहीत ते यामुळेच. प्रौढांसाठी तयार रेटिनॉलची वरची मर्यादा दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम मानली जाते आणि मटणाच्या शंभर ग्रॅम काळजात ती ओलांडली जाऊ शकते. जो मनुष्य वर्षानुवर्षे माशाच्या यकृताच्या तेलाच्या कॅप्सूल घेत आला, त्याने त्या थांबवल्यावर त्याला खरोखरच बरे वाटेल, यात शंका नाही.

येथवर मतभेदाला जागा नाही. चूक होते ती यापुढच्या पायरीवर. अतिरेक घातक आहे या विधानातून मूळ द्रव्यच घातक आहे असा निष्कर्ष काढणे ही तर्कशास्त्रातली उघड अतिव्याप्ती होय, आणि याच न्यायाने मीठ, लोह आणि पाणीसुद्धा विष ठरेल. गर्भव्यंगाचे उदाहरण तर या पंथाच्या थेट विरोधात जाते. टेक्सासमधील फ्रेड हेल या संशोधकाने १९३३ मध्ये अ जीवनसत्त्व नसलेल्या खाद्यावर ठेवलेल्या एका डुकरिणीला अकरा पिल्ले झाल्याची नोंद केली, आणि त्या अकरांपैकी एकालाही डोळे नव्हते. पुढे पुरेसे जीवनसत्त्व मिळाल्यावर अशा माद्यांना निर्दोष पिल्ले झाली. गर्भाचे अवयव घडवणाऱ्या जनुकांना योग्य वेळी जागे करण्याचे काम याच जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणारे रेटिनॉइक आम्ल करते. ते जास्त झाले तरी घडण बिघडते आणि कमी पडले तरी बिघडते. ज्या द्रव्याच्या अभावाने आणि पुनर्लाभाने असा परिणाम घडतो, ते अनावश्यक विष असूच शकत नाही.

पंथाचा दुसरा आधार अनुयायांच्या अनुभवाचा आहे: सहा महिने, वर्षभर असा आहार घेऊनही दृष्टी शाबूत राहिली आणि उलट प्रकृती सुधारली. हा अनुभव खोटा ठरवण्याची गरज नाही, पण तो कशाचा पुरावा आहे हे पाहायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, इंग्लंडमधील शेफील्ड येथे युद्धात लढण्यास नकार देणाऱ्या २३ स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला, ज्यात त्यांपैकी १६ जणांना अनेक महिने अ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला गेला, आणि तरी अभावाची स्पष्ट लक्षणे केवळ तिघांतच दिसली. पुरेसे खाल्लेल्या प्रौढाच्या यकृतात कित्येक महिन्यांचा साठा असतो. तो संपत येईपर्यंत यकृत रक्तातली पातळी जवळजवळ स्थिर राखते, त्यामुळे रक्ततपासणीतही बराच काळ काही दिसत नाही. म्हणजे हा अनुयायी ज्या काळात आपण या द्रव्याविना जगतो आहोत असे सांगतो, त्या काळात तो बालपणापासून खाल्लेल्या दूध-भाजीच्या शिलकीवरच जगत असतो. शिवाय हे पथ्य सुरू करताना तो गोळ्या, तळलेले पदार्थ आणि बाजारचे खाणेही बहुधा सोडतो, तेव्हा मिळालेल्या लाभाचे श्रेय यांतल्या नेमक्या कशाला द्यावे, हे त्याच्या अनुभवावरून ठरवता येत नाही.

लहान मुलाकडे अशी शिल्लक नसते, आणि या वादाचा निकाल खरे तर तिथेच लागतो. डोळ्याच्या पडद्यातील दंडपेशी मंद उजेडात पाहतात. त्यांतील रोडॉप्सिन हे द्रव्य अ जीवनसत्त्वाच्या एका रूपापासून बनते, प्रकाश पडताच विघटते आणि पुन्हा घडवावे लागते. पुरवठा तुटला की पहिला फटका तिन्हीसांजेला दिसतो: दिवसभर अंगणात धावणारे मूल दिवेलागणीला उंबऱ्याशी अडखळते, समोरची ताटली चाचपून शोधते. यालाच रातांधळेपणा म्हणतात. त्यानंतर बुबुळाच्या बाजूला, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, साबणाच्या फेसासारखे दिसणारे कोरडे ठिपके येतात; त्यांना बिटॉटचे डाग असे नाव आहे. पुढे बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरडा आणि मऊ होऊन फुटला की गेलेली दृष्टी परत येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधून लोणी परदेशी जाऊ लागले आणि मुलांना मलई काढलेले दूध मिळू लागले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत नेमका हाच विकार कार्ल ब्लोख या बालरोगतज्ज्ञाला आढळला आणि सायीसकट दूध व लोणी दिल्यावर तो हटला. जो पंथ रातांधळेपणालाही विषबाधेचे लक्षण म्हणतो, त्याने तेच ‘विष’ थोडेसे देताच काही दिवसांत संध्याकाळची नजर का परतते, याचे उत्तर द्यायला हवे. ते उत्तर त्याच्याकडे नाही.

विदेशी पंथाचे खंडन करताना देशातील एक गंभीर वाद मात्र विसरता कामा नये, कारण तो शास्त्राच्या मर्यादेत चाललेला खरा वाद आहे. भारतात १९७० पासून बालकांना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले जातात: नवव्या महिन्यात एक लाख एककांचा, म्हणजे १ मिलिलिटरचा, आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा, असे एकूण नऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे माजी संचालक सी. गोपालन यांनी या सरसकट महाडोसांना दीर्घकाळ विरोध केला आणि उपाय आहारातूनच व्हावा असा आग्रह धरला. २००१ मध्ये आसाममधील मोहिमेत नेहमीच्या २ मिलिलिटरच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे मोजपेले वापरले गेले आणि मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. मृत्यूंच्या कारणाविषयी मतभेद राहिले, पण मात्रेबाबत एवढी ढिलाई चालू शकते हेच पुरेसे भयावह होते. उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत या डोसांमुळे बालमृत्यू निर्णायकपणे घटल्याचे दिसले नाही. याउलट तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली भागात दर आठवड्याला अगदी लहान मात्रा दिली गेली, तेव्हा बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९० मध्ये नोंदवले गेले, तर त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या अभ्यासात सहामाही मोठ्या डोसांचा मृत्युदरावर फरक आढळला नाही. रोजच्या जेवणाच्या जवळ जाणारी थोडी थोडी मात्रा, असा या दोहोंचा कल दिसतो.

परिस्थितीही बदलली आहे. २०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के मुलांत या जीवनसत्त्वाचा अभाव आढळला, म्हणजे अभाव आहे, पण सर्वत्र सारखा नाही. त्यातच ‘+एफ’ चिन्हाच्या संवर्धित तेलात दर ग्रॅममागे ६ ते ९.९ मायक्रोग्रॅम आणि संवर्धित दुधात दर लिटरमागे २७० ते ४५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिसळण्याचा नियम आहे. स्वयंपाकात माणशी २५ ग्रॅम असे तेल गेले तर १५० ते २५० मायक्रोग्रॅम तेवढ्यातूनच मिळतात, आणि प्रौढ स्त्रीची शिफारस ८४० मायक्रोग्रॅमची आहे. सुस्थितीतल्या घरातील मुलाला डोस, संवर्धित दूध-तेल आणि वरून बाजारचे टॉनिक अशी भर पडत असेल, तर तिथे टॉनिक बंद करणे हेच शहाणपणाचे. पण ही काटकसर तयार रेटिनॉलची झाली. तिचा आधार घेऊन पालेभाजी टाळणे अनाकलनीय आहे.

वनस्पतींत रेटिनॉल नसते. बीटा-कॅरोटीन नावाचे पूर्वरूप असते आणि शरीर त्याचे रूपांतर गरजेनुसार करते. साठा भरला की हे रूपांतर मंदावते. फार गाजरे खाणाऱ्याचे तळहात पिवळसर होतात, विषबाधा होत नाही. धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या मोठ्या गोळ्या दिल्यावर फुप्फुसाचा कर्करोग वाढल्याचे १९९०च्या दशकातील दोन चाचण्यांत दिसले, पण तो दोष गोळीचा होता, भाजीचा नव्हे. भाजीतील कॅरोटीन कमीच शोषले जाते, साधारण बारा भागांतून एक भाग उपयोगी पडतो असे धरतात, आणि ते वाढवायचे तर पाने बारीक चिरून शिजवावी लागतात व सोबत स्निग्धांश लागतो. मावळातील स्वयंपाकाला हे शास्त्र शिकवावे लागत नाही: अळूच्या फदफद्यात शेंगदाणे पडतात, माठ-पोकळ्याची भाजी लसणाच्या फोडणीत परतली जाते, शेवग्याच्या पाल्यावर शेंगदाण्याचे कूट येते. पहिल्या पावसानंतर टाकळ्याची कोवळी पाने आणि बांधावरची कुर्डू फुकट मिळते, तीही नेमकी त्या महिन्यांत जेव्हा घरात बाकी काही नसते. भाताच्या ताटात ज्या एका गोष्टीची उणीव असते, ती त्याच खाचराच्या बांधावर उगवते, आणि तीच काढून टाका असे हा पंथ सांगतो.

म्हणून उत्रोलीतील एखाद्या गरोदर स्त्रीला किंवा दोन वर्षांच्या मुलाच्या आईला सांगायचे ते दोन्ही बाजूंनी सांगावे लागेल. मुलाच्या डोसाची तारीख कार्डावर पाहूनच पुढचा डोस घ्यावा, एकाच सहामाहीत दोन ठिकाणी घेऊ नये आणि चमच्यावरची खूण डोळ्यांनी तपासावी; गरोदरपणात काळीज आणि यकृततेलाच्या कॅप्सूल टाळाव्यात; आणि संध्याकाळी ठेच लागते, वाट दिसत नाही असे त्या स्त्रीने सांगितले, तर गरोदरपणात असे होतेच म्हणून ते सोडून न देता त्याच आठवड्यात तिला उपकेंद्रात न्यावे.