बहिणीला ओवाळणी, भावोजींना बाटली

भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या ताटात ओवाळणी घालतो. ती परत मागायची नसते आणि तिचा हिशेबही ठेवायचा नसतो. २०२४ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू केली, तेव्हा राज्यकर्त्यांनी स्वतःला भाऊ म्हणवून घेतले. अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रीला दरमहा दीड हजार रुपये मिळू लागले. पुढे एका वर्षाच्या आतच, १० जून २०२५ रोजी, राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढविण्याचा निर्णय घेतला व त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे सांगितले. हे दोन निर्णय दोन वेगवेगळ्या खात्यांचे असले, तरी अनेक घरांत ते एकाच चुलीपाशी येऊन भेटतात. म्हणून त्यांचा एकत्र विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथमच स्पष्ट करतो की, बहिणींना मिळणाऱ्या पैशाबद्दल आम्हांला असूया नाही. ज्या स्त्रीच्या नावावर आजवर काहीच नव्हते, तिच्या खात्यात थेट काही रक्कम जमा होते, मुलाची वही घेताना तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. आमचा आक्षेप आहे तो ही ओवाळणी देणाऱ्याने आपला खिसा कोठून भरावा, याबाबत.

राज्याच्या तिजोरीची स्थिती कोणापासून लपलेली नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या एका योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती आणि त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक दाखविली होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हातांतील बरेचसे कर त्यात विलीन झाले. मानवी सेवनासाठीचे मद्य मात्र त्या कराबाहेर राहिले. पेट्रोल-डिझेल, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि मद्य, अशी मोजकीच साधने राज्याने स्वतःच्या मर्जीने वापरावीत अशी उरली. त्यांपैकी इंधन महागले की सारा समाज ओरडतो. दारू महागली तर कोणी मोर्चा काढीत नाही. कोणतेही सरकार आले तरी अडचणीच्या वेळी त्याचा हात याच मडक्याकडे का जातो, याचे उत्तर येथे आहे.

'कोणतेही सरकार' हे शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. जानेवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा विरोधी बाकांवर बसलेल्या भारतीय जनता पक्षाने त्याला कडाडून विरोध केला. त्या सरकारच्या काळात तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. २०२५ मध्ये बाके बदललेली होती, आणि मद्यातून अधिक महसुलाची आखणी आदल्या विरोधकांनीच केली. पक्ष कोणताही असो, बाटलीविषयीचे मत खुर्चीनुसार बदलते, असे खेदाने म्हणावे लागते.

यावर असे सांगितले जाईल की, किंमत वाढली म्हणजे पिणे कमी होईल, मग तक्रार कसली? युक्तिवाद खोटा नाही. दर वाढविल्याने मद्यपान घटते, हे सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वमान्य आहे. परंतु शासनाचा हेतू खरोखर तो असता, तर त्याच बैठकीत 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्यापासून बनविलेल्या मद्याचा नवा प्रकार जन्माला आला नसता. त्या वेळी जाहीर झालेल्या किमान किमती पाहा. १८० मिलिलिटरसाठी देशी दारू ८० रुपये, हे नवे मद्य १४८ रुपये आणि भारतीय बनावटीचे विदेशी मद्य २०५ रुपये. वरच्या पायरीवरून जो घसरेल, त्याला झेलण्यासाठी मधली पायरी आधीच बांधून ठेवली! जादा १४ हजार कोटींचे उद्दिष्ट साध्य व्हायचे, तर गिऱ्हाईक टिकले पाहिजे. ज्या कराचे यश विक्री टिकण्यावर अवलंबून आहे, तो विक्री घटावी अशी प्रार्थना कशी करील?

आता हाच हिशेब एखाद्या घरात नेऊन मांडू. घरचा पुरुष रोज संध्याकाळी देशी दारूची एक बाटली घेतो असे धरले, तर महिन्याचे दोन हजार चारशे रुपये होतात. बहिणीचे दीड हजार रुपये एकोणिसाव्या दिवशीच संपतात आणि उरलेले दिवस मुलांच्या ताटातून भरून काढावे लागतात. शुल्क वाढले म्हणून व्यसनी माणूस दुकान सोडत नाही, घरातील डबे धुंडाळतो. ही आकडेवारी प्रत्येक घराची नाही, हे खरे. पण ज्या घराची आहे, तेथे 'भाऊ' एका हाताने देतो आणि 'भावोजीं'च्या मार्फत दुसऱ्या हाताने परत घेतो.

मग सरसकट दारूबंदी करावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य सांगितले आहे. तरीही केवळ कायद्याने माणसाची तहान सुटत नाही, हा अनुभवही आपल्यासमोर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी लागू झाली. अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन २०२१ साली ती उठविण्यात आली. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला, तोही बंदी नसलेल्या शहरात. म्हणजे बंदी असो वा नसो, गरिबाच्या वाट्याला विष येऊ शकते. बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये एक तिसरी वाट आहे. ज्यांना हे सोसावे लागते, त्यांच्या हाती निर्णय देण्याची ती वाट.

ही वाट महाराष्ट्राला अपरिचित नाही. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान आपल्या राज्यातील स्त्रियांनी लढून मिळविलेले हत्यार आहे. परंतु २००८ च्या आदेशाने घातलेली अट पाहा. गावातील दुकान बंद व्हायचे, तर मतदानास आलेल्या स्त्रियांपैकी निम्म्यांहून अधिक नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला पाहिजे. समजा, यादीत एक हजार नावे आहेत. काही स्त्रिया ऊसतोडीला गेल्या आहेत, काही सासरी गेल्या आहेत, काहींना देवाज्ञा झाली तरी नाव निघालेले नाही. सहाशे जणी आल्या आणि त्यांतील चारशे ऐंशी जणींनी बाटली आडवी केली, म्हणजे शंभरातील ऐंशी जणींनी. तरीही बाटली उभीच! हाच नियम आमदारकीला लावला, तर विधानसभेत किती जण बसू शकतील, याचा विचार सदस्यांनीच करावा.

मार्च २०२५ मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केले की, गृहनिर्माण सोसायटीच्या ना-हरकत पत्राशिवाय तिच्या आवारात दारूचे वा बिअरचे नवे दुकान उघडता येणार नाही. हे पाऊल स्वागतार्ह आहे. नवे दुकान अडविणे आणि जुने बंद करणे यांत फरक आहे, हेही मान्य. पण शहरातील सदनिकाधारकाचे शांत जिणे जपण्यासाठी एक पत्र पुरते आणि खेड्यातील बाईला त्यासाठी अर्धी मतदार यादी उभी करावी लागते, हा न्याय आमच्या मनाला पटत नाही. कुटुंब आणि गाव हे राज्याच्या आधीचे आहेत. आपले अंगण स्वच्छ ठेवण्याचा त्यांचा हक्क मंत्रालयाने दिलेला नाही, आणि महसुलासाठी तो अवघड करून ठेवण्याचा अधिकारही मंत्रालयाला नाही.

आणखी एक विसंगती आहे. २०११ साली राज्याने व्यसनमुक्ती धोरण स्वीकारले. ते राबवायचे सामाजिक न्याय विभागाने आणि मद्याचा महसूल गोळा करायचा राज्य उत्पादन शुल्क विभागाने. एकाचे यश म्हणजे दुसऱ्याचे अपयश! या झुंजीत कोणाचे पारडे जड राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको. उलट गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' हा उपक्रम तेथे सुरू झाला. गावाचे संघटन, जनजागृती, कायद्याची अंमलबजावणी आणि व्यसनीवर उपचार या चारही गोष्टी त्याने एकत्र गुंफल्या. कायदा एकटा पडला की हरतो. गाव त्याच्या पाठीशी उभे राहिले की तो तग धरतो.

शासनाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. स्त्रियांच्या मतदानात झालेल्या मतांचे साधे बहुमत ग्राह्य धरावे. मद्याच्या वाढीव महसुलातील ठरावीक वाटा व्यसनमुक्ती केंद्रांसाठी राखून ठेवावा व त्याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे मांडावा. आणि नव्या किरकोळ परवान्यांचे दार, तूट कितीही वाढली तरी, बंदच ठेवावे.

परंतु दुसऱ्याकडे बोट दाखविताना तीन बोटे आपल्याकडे वळतात. ख्रिस्ती धर्माने द्राक्षारसाला पाप मानले नाही, झिंगण्याला मानले. हा फरक आपण आपल्या सोयीने विसरलो आहोत. लग्नाच्या आदल्या रात्री, बारशाला, आणि अलीकडे मयताच्या घरीही किती बाटल्या फुटतात, यावर यजमानाची पत ठरू लागली आहे. कर्ज काढून पाहुण्यांना पाजणाऱ्या बापाला शासनाने भाग पाडलेले नसते, तर तुमच्या-आमच्या नजरेने भाग पाडलेले असते. आपल्या मांडवातील बाटली आपण आडवी केली, तरच विधानसभेपुढे उभे राहून बोलण्याचा नैतिक अधिकार आपल्याला राहील.

बहिणीची ओवाळणी बंद करू नका, असेच आम्ही शासनाला सांगू. मात्र ती देताना बहिणीच्याच संसारातून पैसे उचलू नका. आणि तिने बाटली आडवी केली, तर ती आडवीच राहू द्या.