सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या

बेळगावातल्या जुन्या घरांच्या ट्रंकेत ‘राजीनामा’ असा मथळा असलेला एखादा कागद अजून सापडतो. आज राजीनामा म्हणजे पद सोडणे. मुंबई इलाख्याच्या महसुली भाषेत मात्र जमिनीवरचा हक्क सोडण्याच्या अर्जाला हा शब्द होता.

भाडेकरूने मुदत संपण्याआधी आपला हक्क मालकाला परत देणे, याला कायद्यात ‘सरेंडर’ म्हणतात. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ मध्ये त्याचे दोन प्रकार आहेत. एक, दोघांच्या संमतीने उघडपणे केलेला. दुसरा, वागण्यावरून गृहीत धरला जाणारा. जुना भाडेपट्टा चालू असतानाच नवा स्वीकारला तर जुना सोडला असे समजावे, हे उदाहरण कायद्यातच दिले आहे. नुसते भाडे वाढवल्याने जुना हक्क जात नाही. पण भाडेवाढीचा कागद म्हणून समोर आलेला कागद अकरा महिन्यांचा नवा करार निघाला, तर चाळीस वर्षांचा भाडेहक्क एका सहीने धोक्यात येतो.

शेतजमिनीबाबत सरकारने सावधगिरी घेतली होती. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यात, कुळाने जमीन सोडायची तर ते लेखी हवे आणि मामलेदारासमोर त्याची खातरजमा व्हावी, अशी अट आली. ‘राजीखुशीने लिहून दिले’ असे लिहिल्याने राजीखुशी सिद्ध होत नाही, हेच त्यामागचे शहाणपण. घराच्या भाडेकरूपाशी असा मामलेदार नाही.

त्यात आपली अडचण दुहेरी. मराठी शाळेत शिकलेल्या वडीलधाऱ्यांपुढे कागद येतो कानडीत. मी बँकेत कारकून आहे. कर्जाच्या कागदावर मराठीत सही करणाऱ्याला मजकूर त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची नोंद आम्ही घेतो. कर्जाला एवढी काळजी, तर राहत्या घराला का नको?

मोर्चात आपण मराठी कागदपत्रांची मागणी करतो आणि घरी मात्र न वाचता येणाऱ्या कागदावर भिडेखातर सही करतो. ही विसंगती संपली पाहिजे.

मालकही बहुधा आपल्यातलाच असतो. त्याच्याशी वैर नको. समजावून घेतलेली सही कोर्टात त्यालाही उपयोगी पडते. म्हणून मंडळाने महिन्यातून एक रविवार दोन्ही भाषा जाणणारा वकील कार्यालयात बसवावा. आणि भाषेच्या नावाने मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावे : सब-रजिस्ट्रार कचेरीत मराठीतून मजकूर समजावून सांगण्याची सोय तुम्ही कधी करणार?