पळवाटांचे शास्त्र : लहान पापे आणि मोठे पंडित

१/
सोळाव्या-सतराव्या शतकांतील कॅथलिक युरोपात लहानसहान पापांना सबब शोधून देणे हे जवळजवळ एक शास्त्रच झाले होते. त्याचे जाडजूड ग्रंथ होते, पंडित होते, स्वतंत्र परिभाषा होती. आज त्याकडे दांभिकतेचा नमुना म्हणून पाहिले जाते. त्याचा उगम मात्र दांभिकतेत नव्हे, करुणेत होता.

२/
ख्रिस्ती नीतिविचाराने पापांचे दोन वर्ग मानले. बाब गंभीर, जाणीव पूर्ण आणि संमती स्वेच्छेची असेल तर ते घातक पाप. एरवी ते क्षम्य. रागाच्या भरात निसटलेला शब्द आणि थंड डोक्याने केलेला खून एकाच तराजूत तोलू नयेत, हा त्यामागचा विवेक. तरीही थेंबाथेंबानेच नदी भरते, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच बजावले होते.

३/
१२१५ मध्ये चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ठरवले की घातक पापे प्रकार आणि संख्येसह सांगितलीच पाहिजेत. क्षम्य पापे सांगणे हितकर, पण सक्तीचे नाही. साहजिकच ‘हे पाप कोणत्या खात्यात?’ या प्रश्नाला विलक्षण महत्त्व आले. प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार तपासणारी मीमांसा त्यातूनच बहरली.

४/
१५७७ मध्ये सालामांका येथील डॉमिनिकन पंडित बार्तोलोमे दे मेदिना याने एक तत्त्व मांडले : एखादे मत सयुक्तिक असेल, तर त्याच्या विरुद्धचे मत अधिक सयुक्तिक असले तरी पहिल्याप्रमाणे वागता येते. हेतू उदार होता. शंकेने पोळलेल्या मनाला दिलासा द्यावा. पुढे मात्र एका मान्यवर पंडिताचा आधारही पुरेसा ठरू लागला. असे पंडित शेकड्यांनी होते. शोधणाऱ्याला सोयीचा कोणीतरी सापडतच असे.

५/
‘मनातली पुस्ती’ हे त्याचे ठळक उदाहरण. ‘मी हे केले नाही’ असे उघड म्हणावे आणि ‘जन्मापूर्वी’ हा शब्द मनात जोडावा. म्हणजे खोटे बोलल्याचे पाप नाही! अशा द्व्यर्थी बोलण्याचा आसरा इंग्लंडमधील छळ सोसणाऱ्या धर्मगुरूंनी घेतला, तेव्हा प्राण पणाला लागलेले होते. १६०६ मध्ये हेन्री गार्नेट याच्यावरील खटल्यात हाच विषय गाजला. संकटातली ढाल निर्धास्त माणसाच्या हाती आली, की तिची सोय होते.

६/
पैशांचे उदाहरण अधिक बोलके आहे. व्याज घेणे निषिद्ध होते, म्हणून ‘मोहात्रा’ करार निघाला. गरजूने सावकाराकडून माल शंभर नाण्यांना उधार घ्यायचा आणि त्याच क्षणी त्यालाच ऐंशीला रोख विकायचा. माल जागचा हलत नसे, कर्ज मात्र वाढत असे. कागदोपत्री व्याज कुठेच नाही!

७/
आता दुसरे टोक. एतिएन बोनी या जेझुइट लेखकाने नोकरांचा प्रश्न घेतला होता. गरिबीमुळे कमी पगार पत्करावा लागला आणि इतरत्र त्याच कामाला जास्त मिळत असेल, तर काही प्रसंगी नोकराने मालकाच्या वस्तूंतून ती तूट भरून काढावी. १६४७ मध्ये पॅरिसमधील क्लेरमाँ या जेझुइट विद्यालयाच्या एका नोकरावर कथलाच्या थाळ्या चोरल्याचा खटला भरला गेला. त्याने न्यायालयात नेमका हाच आधार दिला. जेझुइटांचे सूत्र जेझुइटांच्याच थाळ्यांवर उलटले.

८/
ब्लेझ पास्कालने हा किस्सा आपल्या ‘प्रांतीय पत्रां’पैकी सहाव्या पत्रात रंगवला. १६५६-५७ मध्ये टोपणनावाने निघालेल्या या १८ पत्रांनी फ्रान्सला हसवले आणि चिडवलेही. रोमने १६५७ मध्ये त्यांवर बंदी घातली. पण १६७९ मध्ये पोप अकराव्या इनोसंटने शिथिल नीतीची ६५ विधाने धिक्कारली. मनातली पुस्ती, नोकराची परस्पर वसुली आणि मोहात्रा, तिन्ही त्या यादीत होती.

९/
पास्कालचे यश निर्विवाद आहे. त्याचा न्याय मात्र अपुरा वाटतो. थाळ्यांच्या किश्श्यावर सारे हसले. पण गरजवंताला अपुऱ्या पगारावर राबवणाऱ्या मालकाचे पाप कोणत्या वर्गात मोडते, हा बोनीच्या सूत्रात दडलेला प्रश्न त्या हशात विरून गेला. बोनीचे उत्तर चुकीचे होते, त्याचा प्रश्न नव्हे.

१०/
कठोरपणा हा उपायही नव्हता. पास्कालच्या यानसेनवादी वर्तुळातील आंत्वान आर्नो याने १६४३ मध्ये वारंवार ख्रिस्तप्रसाद घेण्याविरुद्ध ग्रंथ लिहिला होता. पुरेशी तयारी नसलेल्याने वेदीपासून दूर राहावे, हा त्याचा रोख. सवलतीच्या मार्गाने माणूस पापाला सरावतो. कठोरतेच्या मार्गाने तो क्षमेलाच पारखा होतो.

११/
मग दोष नेमका कुठे? परिस्थिती पाहण्यात तो नाही. तसे न पाहता दिलेला निवाडा आंधळाच असतो. दोष आहे तराजू कोणाच्या हाती आहे यात. पगार किती हवा हे नोकर स्वतःच ठरवतो, व्याज आहे की नाही हे सावकार, आणि खोटे बोललो की नाही हे बोलणारा. तिन्ही ठिकाणी आरोपी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच.

१२/
हा धडा केवळ कॅथलिकांच्या किंवा ख्रिस्ती लोकांच्या वाट्याचा नाही. त्यांनी निदान आपल्या सबबी छापून ठेवल्या, म्हणून त्या तपासता तरी येतात. दुसऱ्याच्या चुकीची परिस्थिती समजून घेणे याला करुणा म्हणतात. तीच सवलत स्वतःला, स्वतःच्याच सहीने मंजूर केली, की तिला सबब म्हणतात. शब्द तेच राहतात; फक्त लाभार्थी बदलतो.